आईच्या नावाचं पान

१

रविवारी आम्ही मिक्सर लावत नाही. इमारतीचा नियमच आहे तसा. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, व्हॅक्यूम फिरवायचा नाही, रिकाम्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत. जर्मनीत लाइपझिगला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी रविवारी सकाळी खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली, तर खालच्या मजल्यावरच्या फ्राउ हेन्शेल जिना चढून वर आल्या. रागावल्या नाहीत. आज वार कोणता, एवढंच त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं. तेव्हापासून आमची चटणी शनिवारी होते.

घर तिसऱ्या मजल्यावर, जुनं, उंच छताचं. ते मिळालं तेव्हा कामावरच्या सगळ्यांनी नशीब काढलंत म्हणून सांगितलं, कारण ते स्वयंपाकघरासकट मिळालं. इथे लोक घर सोडताना ओटा, कपाटं, नळसुद्धा उचकटून नेतात आणि नव्या भाडेकरूच्या वाट्याला नुसत्या भिंती येतात. आमच्या आधी इथे एक म्हातारी बाई राहायची. ती गेली, आणि सामान न्यायला मागे कुणी नव्हतं. तिचं लाकडी टेबल, खुर्च्या, खणातले जड काटे-सुऱ्या, सगळं आमच्याकडे राहिलं. मी ते दोनदा धुऊन घेतलं. श्रीरंग म्हणाला, लग्नात रुखवत नको म्हणालो होतो, ते इथे येऊन पदरात पडलं.

श्रीरंग म्हणजे माझा नवरा, मिरजेचा. पूर्वी तो असा बोलायचा. गेल्या वर्षी जुलैत त्याची आई गेली तेव्हा आमची रहिवासाची कार्डं नूतनीकरणाला गेलेली होती. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. त्याने आईचं सगळं फोनवर पाहिलं. काकांनी अग्नी दिला त्या क्षणी नेटवर्क तुटलं आणि पडद्यावर नुसता काकांचा खांदा गोठून राहिला. श्रीरंगने फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, आज कचऱ्याचा पिवळा डबा बाहेर ठेवायचा का निळा?

त्यानंतर वर्ष गेलं, तो रडला नाही. आई हा शब्दही त्याच्या तोंडून गेला. अर्धी पोळी खायचा, ताट सारायचा, खिडकीशी उभा राहायचा. मला दुसरं काही नको होतं. माझा नवरा एकदा पोटभर रडावा आणि मग पूर्वीसारखा पोटभर जेवावा, एवढंच मी देवाजवळ मागत होते. आणि मी काही फारशी देवाजवळ मागणाऱ्यांतली नाही.

२

सप्टेंबरात पितृपक्ष आला आणि त्यानेच विषय काढला. गेल्या वर्षी आईचं सगळं काकांनी केलं, यंदा तिच्या तिथीला आपण पान वाढू म्हणाला. मी लगेच रजा टाकली. वरणभात, खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि भारतीय दुकानातल्या गोठवलेल्या गवारीची भाजी. केळीचं पान कुठून आणणार, पांढरी ताटली घेतली.

बाल्कनीच्या कठड्यावर ताटली ठेवून तो हात जोडून उभा राहिला. कावळे इथे भरपूर, पण तेही इथल्यासारखेच, बोलावल्याशिवाय येत नाहीत. एक आला, समोरच्या पन्हळीवर बसला, मान वाकडी करून बघत राहिला. श्रीरंग ओठातल्या ओठात काहीतरी कबूल करत होता. कावळा हलेना. तेवढ्यात खालून अंगणातून फ्राउ हेन्शेल यांनी हाक मारली, फ्राउ साटपुटे, पक्ष्यांना खायला घालायचं नाही हं, त्याने उंदीर होतात. आमचं आडनाव सातपुते, पण ते राहू दे.

कावळा उडाला. श्रीरंगचा चेहरा असा झाला की मला त्या बाईंचा भयंकर राग आला. मी ताटली आत आणली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि खिडकी उघडी टाकली. ज्याला यायचं असेल तो येईल आत, म्हटलं. श्रीरंगने एक खुर्ची मागे ओढली आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाला, "आई, जेवायला ये."

मग आम्ही बागेत फिरायला गेलो. समोर बसलो तर ती जेवायची नाही, तो म्हणाला, जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली.

परत आलो तर भात संपलेला होता, वरणही. खीर अर्धी होती. श्रीरंग ताटलीकडे बघत राहिला आणि हसला. वर्षभराने माझा नवरा हसला, आणि मग ओट्याशी उभा राहून उरलेले सगळे वडे एकट्याने खाल्ले.

३

ताटली मी धुतली म्हणून मला ते दिसलं.

कडेला घासभर वरणभात राहिला होता आणि त्यावर सरळ, समांतर रेघा होत्या. मी वृद्धांच्या पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपिस्ट आहे. दुपारी तिथल्या आज्या जेवताना मी रोज बघते. उकडलेला बटाटा ताटात घ्यायचा, काट्याने हळूहळू दाबायचा, रस्सा त्यात मुरवायचा, मग परत दाबायचा. त्या रेघा मी झोपेतही ओळखीन. आमच्या भातावर कुणीतरी काटा दाबला होता.

ताटलीत आम्ही काटा ठेवला नव्हता. तो निथळायच्या जाळीत होता, धुतलेला, ओला.

पहिला विचार आला तो हाच की श्रीरंगनेच केलं. पण तो तर माझ्याबरोबर होता. कुलूपसुद्धा मी लावलं होतं. मग म्हटलं, कावळा आला असेल, चोचीच्या रेघा असतील. काटा मीच सकाळी विसळला असेन. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं. मी पाणी सोडलं आणि रेघा वाहून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पान वाढलं. मी म्हटलं, अरे, तिथी झाली की. तो म्हणाला, तिला इथलं घर सापडलंय, आता उपाशी कशाला ठेवू? तो ऑफिसला जाताना शीळ घालत गेला. संध्याकाळी ताटली रिकामी होती, काटा जाळीत होता, आणि श्रीरंगने दोन पोळ्या मागून घेतल्या.

सासूबाई काट्याने कधी जेवल्या नाहीत. एकदा आमच्याबरोबर हॉटेलात आल्या होत्या, तर काटा बाजूला सारून म्हणाल्या, हे कुदळ-फावडं तुमचं तुम्हाला. दहीभात हाताने कालवायचा आणि कांदा कचकन दाताने तोडायचा, तर त्यांचं जेवण व्हायचं. हे मी श्रीरंगला आठवण करून द्यायला हवं होतं. पण तो जेवत होता ना. मी तोंड मिटून ठेवलं.

४

ऑक्टोबरात घर फार छान राहायला लागलं. हे विचित्र वाटेल, पण खरं आहे. आम्ही कामावरून यायचो तर घर हवा खेळवून ताजं झालेलं असायचं. खिडक्या बंद, पण हवेत बाहेरचा गारवा. दारातले माझे फेकलेले बूट जोडीने भिंतीला लागलेले असायचे. हीटर कमी केलेला असायचा. मी श्रीरंगला म्हणायचे की तू किती शहाणा झालास, आणि तो नुसता हसायचा. मला वाटायचं, तो हे सगळं गुपचूप करतोय. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

एका सकाळी काकांचा मिरजेहून फोन आला. श्रीरंग आंघोळीला होता. मी बोलता बोलता सांगून टाकलं की आईंचं पान रोज वाढतोय आणि ते उष्टं होतं. काकांना आधी आनंद झाला. मग त्यांनी विचारलं की वाढताना नाव-गोत्र घेतलं होतं ना. मी म्हटलं, नाही, नुसतं आई म्हणाला.

"असं कसं नुसतं आई?" काका म्हणाले. "सुनबाई, जगात आया काय एकच आहेत?"

ते गमतीने म्हणाले. मीही हसले. फोन ठेवला तेव्हा माझी नजर जाळीतल्या काट्याकडे गेली, म्हातारीच्या खणातल्या त्या जड काट्याकडे.

फ्राउ हेन्शेल यांचा केकचा डबा परत करायचा होता, तो घेऊन मी खाली गेले. आमच्या आधीच्या बाई कशा होत्या, मी सहज विचारावं तसं विचारलं. फ्राउ क्राउझे, त्या म्हणाल्या. फार नीटनेटकी बाई. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुलगा होता एकच. तरुणपणी एके दिवशी जेवायला येतो सांगून बाहेर पडला, तो आलाच नाही. मग त्यांनीच दाराशी थांबून सांगितलं, "शेवटपर्यंत दुपारी दोन ताटल्या मांडायची. मी एकदा म्हटलं, बाई गं, आता पुरे. तर म्हणाली, तुला काय जातंय, बटाटे माझे आहेत."

मी डबा दिला, आभार मानले आणि जिना चढायला लागले. मी शिकलेली बाई, मेलेली माणसं जेवत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण आमच्या घराचं दार उघडताना मी आधी बेल वाजवली, आणि का वाजवली ते स्वतःलाही विचारलं नाही.

५

त्यानंतर मी श्रीरंगकडे नीट बघायला लागले.

गरम पोळीशिवाय ज्याचं पान हलत नव्हतं तो माणूस रात्रीच्या जेवणाला काळा पाव, लोणी आणि काकडी घेऊन बसायला लागला. थंडच बरं असतं म्हणाला. मांडीवर रुमाल पसरायचा. पान वाढण्याऐवजी आता तो बटाटे उकडायचा, चांगले सालासकट, आणि सोलून ताटलीत ठेवायचा. वरणभात का नाही विचारलं तर म्हणाला, आईला बटाटेच आवडतात.

उकडलेला बटाटा म्हणजे आजाऱ्याचं जेवण, हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य. मी भांडी आवरता आवरता विचारलं, "श्रीरंग, आई लहानपणी तुला शाळेच्या डब्यात काय द्यायच्या रे?"

तो बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, "पाव. सफरचंदाच्या फोडी."

मिरजेच्या नगरपालिकेच्या शाळेत सफरचंदाच्या फोडी. त्या रोज तेल-चटणी लावून पोळीची गुंडाळी द्यायच्या, आणि बाकीची मुलं ती पळवायची म्हणून दोन जास्त द्यायच्या. हे मला श्रीरंगनेच लग्नाआधी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आणि मी त्यावरूनच त्याला हो म्हटलं होतं. आता त्याच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. त्याला खरंच सफरचंदं आठवत होती.

तेव्हा मला नीट भीती वाटली. काटा ओला असतो, बूट जोडीने लागतात, त्याची भीती नव्हती वाटली. उलट कधी कधी कुणीतरी घर सांभाळतंय म्हणून बरंही वाटायचं. पण इथे एक आई घरात आली होती आणि दुसरी पुसली जात होती. तो रडत नव्हता, कारण त्याच्यापुरती कुणी गेलेलंच नव्हतं. मी सांगितलं तर त्याची आई पुन्हा मरणार होती, आणि नाही सांगितलं तर ती होती हेच त्याला आठवणार नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

मी एक दिवस पान वाढू दिलं नाही. बटाटे लपवले. संध्याकाळी आले तेव्हा स्वयंपाकघरात वास होता, बटाटे उकडल्याचा. श्रीरंग माझ्यानंतर घरी आला.

६

नोव्हेंबरातला रविवार होता. केंद्रात माझी पाळी होती, पण एका आजींचे व्यायाम रद्द झाले आणि मी दुपारीच सुटले. ट्राममध्ये चारचौघं होती, सगळी गप्प. बाहेर करडं आभाळ खाली आलेलं. इमारतीत रविवारची ती शांतता होती, कुठे नळाचाही आवाज नाही. जिन्यात पोहोचले तेव्हा वरून श्रीरंगचा आवाज आला. तो बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. माझ्याशी पूर्वी बोलायचा तसाच, सैलसर, हसत. फोनवर असेल, मी म्हटलं. त्याचा फोन दारातल्या फळीवर होता.

मी कोट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

टेबलावर दोन ताटल्या होत्या. एकीपुढे श्रीरंग, रुमाल मांडीवर, कोपरं टेबलाखाली. दुसरी समोर, खुर्ची पुढे ओढलेली, कुणी नीट बसल्यावर असते तशी. माझी नेहमीची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं, पण एखादी पाहुणी अवेळी आल्यावर बघतात तसं, आदबीने. मी त्याची बायको आहे हे त्याला आठवायला एक क्षण लागला. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही.

समोरच्या ताटलीतले बटाटे गरम होते. त्यांची वाफ सरळ वर जात होती. आणि मग ती वाकली. थांबली, पुन्हा सरळ झाली, पुन्हा श्रीरंगच्या दिशेला वाकली. खिडकी बंद होती. गरम घास फुंकर घालून निववतात तशी ती वाफ हलत होती, घाई न करता, एका लयीत.

पळून जावं असं वाटलं. पण कुणाला घेऊन? तो तर तिथे बसला होता.

७

मी कोट काढला. भिंतीची खुर्ची ओढून टेबलाला लावली, तिसरी ताटली घेतली, आणि दोघांच्या मध्ये बसले. आधी पाणी प्याले. समोर बघायची हिंमत नव्हती. मी श्रीरंगचा हात धरला, आणि वर्षभर तोंडात धरून ठेवलेलं बोलले.

"श्रीरंग, ही तुझी आई नाही. तुझी आई गेली."

तो रुमालाची घडी घालत राहिला, उलगडत राहिला. मी बोलत राहिले. सासूबाईंबद्दल जे जे आठवत होतं ते सगळं सांगितलं, त्यांचं कुदळ-फावडं, त्यांचा कांदा, मला पहिल्या दिवशी हळूच म्हणाल्या होत्या ते, की हा घोरतो, आधीच सांगते, नंतर बोल लावू नकोस. त्यांच्या डब्यातल्या पोळीच्या गुंडाळ्या. बाई गं, मलाही त्यांची आठवण येत होती आणि त्याचं दुःख सांभाळता सांभाळता मी माझं विसरून गेले होते.

"माहीत आहे मला," श्रीरंग म्हणाला. "पहिल्या दिवशीच कळलं होतं. काटा ओला होता."

"मग का रे?"

"कुणीतरी आलं होतं, हेमा. मी बोलावलं आणि कुणीतरी आलं." त्याने रुमाल टेबलावर ठेवला. "हिला जा म्हटलं असतं, तर आई खरंच गेली असती."

मी त्याला जवळ ओढलं. तो आधी लाकडासारखा होता. मग म्हणाला, मला तिचा आवाज आठवत नाहीये गं. आणि मग तो आवाज न करता थरथरला, आणि मग आवाज करून रडला, मोठ्याने, तोंड उघडून, रविवारच्या त्या शांततेत. आई गं, आई गं, म्हणत होता. मिरजेच्या हेलात. खालून फ्राउ हेन्शेल यांनी छताला ठोकलं नाही. त्याचं सगळं अंग माझ्या मांडीवर आलं होतं, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की मीही त्याच्याबरोबर हमसून रडत होते.

किती वेळ तसे होतो कोण जाणे. स्वयंपाकघरात अंधारून आलं. त्याचे हुंदके हळूहळू लांब लांब यायला लागले. माझे दोन्ही हात त्याच्या पाठीवर होते, एकात एक घट्ट गुंफलेले.

त्याच्या केसांतून एक हात फिरत होता. केस मागे सारत होता, कपाळापासून मानेपर्यंत, पुन्हा कपाळापासून. मला हात दिसत नव्हता, केस वळताना दिसत होते. श्रीरंगचे डोळे मिटलेले होते.

"बरं वाटतंय," तो पुटपुटला. "थांबू नकोस."

मी थांबवलं नाही.